श्रद्धा कमी पडली असे म्हणण्यापूर्वी



गेल्या पावसाळ्यात आम्ही काही जण एका घरी सांत्वनाला गेलो होतो. घरचा कर्ता पुरुष चाळिशीतच गेला. मूत्रपिंडाचा आजार, दीड वर्ष डायलिसिस. त्याच्यासाठी आपण सर्वांनी प्रार्थना केली होती. आळीत जपमाळ झाली, त्याची पत्नी नऊ बुधवार माहीमच्या नोव्हेनाला जाऊन आली, मोत माऊलीच्या जत्रेत तिने मेणाची आकृती वाहिली. चौथ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेले असताना नात्यातल्या एका बाईंनी तिला जवळ घेऊन म्हटले, "अगं, देव वचन मोडत नाही. आपलीच श्रद्धा कुठे तरी कमी पडली." त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. ती काही बोलली नाही. आम्हीही चहाचे कप हातात धरून गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची आम्हाला नंतर लाज वाटली.

त्या बाईंच्या मनात मार्कच्या शुभवर्तमानातील अकरावा अध्याय असणार. संशय न धरता सांगाल तर डोंगरही उठून समुद्रात पडेल, आणि प्रार्थनेत जे मागाल ते मिळालेच आहे असे धरून चला, म्हणजे ते तुमचे होईल, असे प्रभू येशू तेथे शिष्यांना सांगतो (मार्क ११:२३-२४). मत्तयच्या सातव्या अध्यायात मागणाऱ्याला, शोधणाऱ्याला, दार ठोठावणाऱ्याला आश्वासन आहे. योहानाच्या चौदाव्यात प्रभूच्या नावाने मागण्याविषयी आहे. ही वचने मोठी आहेत आणि ती कापून लहान करण्याचा अधिकार आपल्याला नाही. "तसे म्हणायचे नव्हते" असे सांगून सुटका करून घेणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक नाही.

मात्र वचन पूर्ण वाचावे. कॅलेंडरवर आणि दिवाणखान्यातल्या फ्रेमवर चोविसावी ओवी छापलेली असते. तिच्या आधी, बाविसाव्या ओवीत, देवावर श्रद्धा ठेवा असे आहे. आपल्या श्रद्धेवर श्रद्धा ठेवा असे नाही. आणि लगेच पंचविसाव्या ओवीत प्रार्थनेला उभे राहताना कोणाविरुद्ध मनात काही असेल तर क्षमा करा, असे आहे. ती ओवी फ्रेममध्ये लावलेली आम्ही अजून पाहिली नाही. जमिनीच्या बांधावरून भावाशी दहा वर्षे न बोलणारे आपणही डोंगराची ओवी पाठ म्हणतो.

आता आणखी एक गोष्ट पाहू या. हे शब्द प्रभूने बेथानीहून जेरुसलेमला जाताना, वाळलेल्या अंजिराच्या झाडापाशी उच्चारले. बेथानी जैतुनाच्या डोंगरावर आहे. काही दिवसांनी त्याच डोंगराच्या पायथ्याशी, गेथशेमाने बागेत, तोच येशू जमिनीवर पडून प्रार्थना करीत होता. पित्याला सर्व काही शक्य आहे, हे त्याने आधी म्हटले. म्हणजे संशय नव्हता. मग हा प्याला दूर कर असे मागितले. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. प्याला दूर झाला नाही. मागितलेले न मिळणे हा अपुऱ्या श्रद्धेचा पुरावा असेल, तर त्या रात्रीच्या प्रार्थनेविषयी आपण काय म्हणणार? हा प्रश्न त्या घरी विचारायला हवा होता.

प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्यायही घरी निवांत वाचावा. सुमारे इसवी सन ४४ चा काळ, राजा हेरोद अग्रिप्पा. त्याने योहानाचा भाऊ याकोब याला तरवारीने मारले. एवढेच, एका ओवीत. मग पेत्राला धरले आणि त्याच्यावर चार-चार शिपायांच्या चार तुकड्या नेमल्या. ख्रिस्तसभा पेत्रासाठी कळकळीने प्रार्थना करीत होती. देवदूत आला, बेड्या गळून पडल्या, आणि पेत्र मार्कच्या आईच्या घरी येऊन दार ठोठावू लागला. रुदा नावाच्या मुलीने आवाज ओळखला आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावली. आत प्रार्थना करणारे तिला काय म्हणाले? तुला वेड लागले आहे! बाहेर पेत्र ठोठावतोच आहे.

थोडे हसू येते, पण विचार करावा. पेत्र सुटेल यावर प्रार्थना करणाऱ्यांचाच विश्वास नव्हता, तरी तो सुटला. आणि याकोबासाठी त्याच मंडळीने प्रार्थना केली नसेल, असे कोण म्हणेल? श्रद्धेचे माप आणि मिळालेले उत्तर यांचा हिशेब येथे जुळत नाही. संत लूक तो जुळवायचा प्रयत्नही करीत नाही. याकोबाची आई ही आपल्या मुलांसाठी प्रभूकडे मानाच्या जागा मागणारी आणि पुढे क्रुसाच्या वेळी दुरून पाहणाऱ्या स्त्रियांत असलेली बाई. ती तेव्हा हयात होती की नाही हे शास्त्र सांगत नाही. असली तर, पेत्र घरी आला त्या रात्री तिला कोणी म्हणाले असेल का, की बाई, तुझी श्रद्धा कमी पडली?

आजारी मुलाचा बाप मात्र आपल्याला माहीत आहे (मार्क ९:२४). माझी श्रद्धा आहे, पण ती अपुरी आहे, तिलाही तूच हात दे, अशा अर्थाचे तो रडत बोलला. प्रभूने त्याला परत पाठवले नाही. मोहरीच्या दाण्याएवढी श्रद्धा पुरते असे प्रभूच म्हणाला होता. आपण मात्र एकमेकांची श्रद्धा तराजूत घालतो.

येथे काही जण संत मोनिकेचे उदाहरण देतात. ३८३ साली ऑगस्टीनने आफ्रिका सोडू नये म्हणून ती कार्थेजला संत सिप्रियनच्या प्रार्थनास्थळी रात्रभर रडत होती, आणि त्याच रात्री तो तिला फसवून जहाजाने रोमला निघून गेला. पुढे मिलानला त्याला संत अॅम्ब्रोज भेटले आणि ३८७ च्या पास्काला त्याचा बाप्तिस्मा झाला. त्या रात्रीची मागणी नाकारून देवाने तिची आयुष्यभराची मागणी पूर्ण केली, असे ऑगस्टीनने नंतर लिहिले. उदाहरण खरे आहे. पण ते ऑगस्टीनने स्वतःबद्दल, वर्षांनंतर, मागे वळून लिहिले. किनाऱ्यावर रिकामा समुद्र पाहणाऱ्या मोनिकेला त्या सकाळी कोणी हे सांगितले असते तर तिचे सांत्वन झाले असते, असे आम्हाला वाटत नाही. देवाने याहून चांगले काही योजले असेल, हे वाक्यही चौथ्या दिवशी बोलायचे नसते.

महिन्याच्या मिस्सेनंतर आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. गेथशेमानेविषयी जे सुचले होते ते सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग आता मी काय मागू?" आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. जपमाळ घ्यायची का, असे आम्ही विचारले. तिने प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि देवाच्या इच्छेच्या ओळीपाशी ती थांबली. कोणीही घाई केली नाही. थोड्या वेळाने पुढची, रोजच्या भाकरीची ओळ तिच्या धाकट्या मुलीने म्हटली, आणि मग आम्ही सगळ्यांनी.