लिंक कोण पाठवतं?

एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत एक तरुण प्रोग्रामर होता. कामाला चोख, हात झरझर चालणारा, आणि तेच ते काम पुन्हा करायचा त्याला मनस्वी कंटाळा. हा कंटाळा वाईट नव्हे. कितीतरी चांगली साधनं त्याच्यातूनच जन्माला आली आहेत.

वेबसाइटवर काही बिघडलं की ब्राउझरमध्ये एररचं पान यायचं: अमुक फाईल, ओळ 212. मग प्रत्येकजण तो लांबलचक पाथ कॉपी करायचा, टर्मिनलमध्ये टाकायचा आणि विम या एडिटरमध्ये फाईल उघडून 212 व्या ओळीवर जायचा. मॅकवरच्या टेक्स्टमेटला आणि व्हीएस कोडला आपापली खास लिंक असते. ती दाबली की फाईल थेट हव्या त्या ओळीवर उघडते. आपल्या लिनक्सवर विमसाठीही तसंच करायचं, असं त्याने ठरवलं.

काम अवघड नव्हतं. लिंकसाठी 'एडिट' नावाची स्कीम ठरवली. एक डेस्कटॉप फाईल लिहून, या स्कीमची लिंक आली की माझी स्क्रिप्ट चालव, असं सिस्टिमला सांगितलं. पीएचपीच्या एक्सडीबगमध्ये एररच्या पानावर लिंक कशी छापायची याची सेटिंग असते, तीही भरली. नावात स्पेस असलेल्या फाईली उघडेनात, कारण लिंकमध्ये स्पेसच्या जागी %20 येतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये त्याची पुन्हा मूळ अक्षरं केली आणि तयार झालेली सबंध ओळ शेलच्या हवाली केली. झालं! सगळ्यांनी ती स्क्रिप्ट आपापल्या मशीनवर बसवून घेतली.

टीममधल्या एक अनुभवी मॅडम ती स्क्रिप्ट वाचत बसल्या. त्यांनी विचारलं, "ही लिंक कोण कोण पाठवू शकतं?"

"आपलंच एररचं पान, मॅडम. दुसरं कोण?"

त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी एक साधं वेबपान तयार केलं, त्यात एकच लिंक टाकली आणि म्हणाल्या, "दाब." ब्राउझरने 'उघडू का?' विचारलं, हो म्हणायची सवय झालेल्या हाताने त्याने हो म्हटलं. विम उघडलं. बाकी काही दिसलं नाही.

"आता तुझं होम फोल्डर बघ."

तिथे एक नवी रिकामी फाईल होती. नाव: 'मी_येऊन_गेले'. लिंकमध्ये फाईलच्या नावापुढे अर्धविराम आणि त्यापुढे फाईल तयार करायची आज्ञा होती. शेलने अर्धविराम पाहिला, पहिली आज्ञा संपली असं समजून दुसरीही इमानदारीत पाळली. फाईल तयार करण्याऐवजी पुसायची आज्ञा असती, तर तीही पाळली असती.

पोराचा चेहरा उतरला. मॅडम रागावल्या नाहीत, आणि मला त्यांचं हे वागणं फार मोलाचं वाटतं. रागावल्या असत्या तर त्याने पुढचं ऐकलं नसतं. त्या म्हणाल्या, "दार आपल्या सोयीसाठी केलं, म्हणून त्यातून आपणच येऊ असं नसतं. जो दार करतो, त्यानेच कडी बसवायची. वापरणाऱ्यांवर ते काम टाकायचं नाही."

मग दोघं कडी बसवायला बसले. मधला शेल काढून टाकला. फाईलचं नाव विमला सरळ, सुटा अर्ग्युमेंट म्हणून द्यायचं. एवढ्यावर भागलं असं त्याला वाटलं, पण मॅडमनी ओळीच्या नंबराकडे बोट दाखवलं. विम + या चिन्हापुढे आकडा असेल तर त्या ओळीवर जातं, आणि दुसरं काही असेल तर ते स्वतःची आज्ञा म्हणून चालवतं. म्हणून तिथे निव्वळ आकडेच चालतील अशी अट घातली. फाईलच्या नावाआधी -- लावलं, म्हणजे + किंवा - ने सुरू होणारं नावसुद्धा नावच राहील. शेवटी पाथ. तो प्रोजेक्टच्या फोल्डरने सुरू होतो एवढं बघून चालत नाही, कारण मध्ये .. घालून पार बाहेर जाता येतं. आधी पाथ पूर्ण उलगडायचा, मग तो फोल्डरच्या आत आहे का ते तपासायचं.

"नुसती फाईल उघडली तर काय बिघडतं?" त्याने विचारलं.

"2019 मध्ये विममध्येच असा दोष सापडला होता. मुद्दाम तशी लिहिलेली फाईल नुसती उघडली तरी तिच्यातली आज्ञा चालायची. तो दुरुस्त झाला. पण परकी फाईल आपण होऊन कशाला उघडायची?"

नवी स्क्रिप्ट सगळ्यांच्या मशीनवर गेली. काही दिवसांनी एकाची तक्रार आली की सर्व्हरच्या सेटिंगची फाईल लिंकवरून उघडत नाही, ती फोल्डरची अट काढून टाक. त्याने अट काढली नाही. ते एक फोल्डर तेवढं परवानगीच्या यादीत घातलं, मॅडमनी पाठवलेली ती जुनी लिंक नव्या स्क्रिप्टवर पुन्हा दाबून पाहिली, आणि मग तक्रार करणाऱ्याला कळवलं, "आता उघडेल."