एजंटच्या हाती नोंदवही

जुलै 2025 मध्ये अमेरिकेतील उद्योजक जेसन लेमकिन रेप्लिट कंपनीच्या एआय एजंटकडून एक ॲप बनवून घेत होते. कशालाही हात लावायचा नाही, असे बजावलेले असताना एजंटने चालू डेटाबेसच पुसून टाकला. त्यात बाराशेहून अधिक कंपनी-अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. गाजावाजा झाला तो या पुसण्याचा. त्याच प्रकरणातला दुसरा तपशील मात्र मागे पडला. वारंवार मनाई करूनही एजंटने सुमारे 4,000 काल्पनिक माणसांच्या नोंदी तयार केल्या होत्या.

धोक्याचा तपशील हा दुसराच. पुसलेले लगेच कळते, ॲप अडते आणि बॅकअपची शोधाशोध सुरू होते. (लेमकिन यांचा डेटा परतही मिळाला, तो मिळणे शक्य नाही असे एजंटने छातीठोकपणे सांगितले होते.) खोट्या नोंदीला नाव असते, पत्ता असतो, तारीख असते. ती खऱ्या नोंदींच्या मांडीला मांडी लावून बसते आणि महिन्याच्या अहवालात मोजलीही जाते. तरी ‘डिलीटची परवानगी नको, पण इन्सर्ट असू दे, भर घालून काय बिघडते?’ असा युक्तिवाद केला जातो. तो टिकणारा नाही.

खोट्या नोंदीखेरीज भर घालण्यात दुसराही धोका आहे. नावाच्या रकान्यात कोणी आज्ञा टाइप केली तर डेटाबेस ती पाळू शकतो, ही गोष्ट 1998 मध्ये ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या नियतकालिकात छापून आली. उपायही जुनाच आहे. क्वेरीचा सांगाडा वेगळा पाठवायचा आणि मूल्ये वेगळी. मग मूल्यात काहीही लिहिलेले असो, डेटाबेस त्याला मजकूरच समजतो. असे असूनही, एजंटांना बाहेरच्या साधनांशी जोडणारा एमसीपी हा प्रोटोकॉल नोव्हेंबर 2024 मध्ये आणणाऱ्या ॲन्थ्रोपिकच्याच एसक्यूलाइट नमुना-सर्व्हरमध्ये मूल्ये थेट क्वेरीत चिकटवलेली होती. ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने 2025 मध्ये ही चूक दाखवली, तोवर त्या कोडच्या 5,000 हून अधिक प्रती निघाल्या होत्या.

ॲन्थ्रोपिकच्याच पोस्टग्रेस नमुना-सर्व्हरची गोष्ट तर जवळून पाहण्यासारखी आहे. क्वेरी चालवण्याआधी तो ‘फक्त वाचन’ प्रकारचे ट्रान्झॅक्शन उघडत असे. बंदोबस्त पक्का वाटावा असाच. डेटाडॉग कंपनीच्या संशोधकांनी दाखवले की क्वेरीच्या सुरुवातीला ‘कमिट’ आणि अर्धविराम टाकला की ते ट्रान्झॅक्शन तिथेच संपते आणि पुढच्या वाक्याला अख्खा स्कीमा उडवायला रान मोकळे होते. जिथे कुलूप लावले होते, तिथेच किल्लीही ठेवली होती.

इन्सर्ट निरुपद्रवी नसते याचा सर्वात बोलका दाखला त्याच वर्षी जनरल ॲनालिसिस या संस्थेने सुपाबेस या डेटाबेस-सेवेवर करून दाखवला. ग्राहक म्हणून एक तक्रार दाखल केली आणि तिच्या मजकुरात एजंटला उद्देशून सूचना पेरल्या. नंतर डेव्हलपरने कर्सर या कोड-संपादकातल्या एजंटला ताज्या तक्रारी दाखवायला सांगितले. सर्व निर्बंध ओलांडणारी सेवा-किल्ली एजंटजवळ होतीच. त्याने गुप्त टोकनांचे टेबल वाचले आणि ते सगळे त्याच तक्रारीखाली नवा संदेश म्हणून नोंदवले. हल्लेखोराला फक्त आपले पान पुन्हा उघडायचे होते. काही पुसले गेले नाही, बदललेही नाही. नव्या नोंदीतूनच गुपित बाहेर गेले.

इथे क्वेरी आणि मूल्ये वेगळी पाठवण्याचा जुना उपाय अपुरा पडतो. डेटाबेसपुरती आज्ञा आणि मजकूर यांची फारकत करता येते. एजंटमागच्या भाषा-मॉडेलला मात्र दोन्ही एकाच ओघात मिळतात. आज सुखरूप साठवलेली तक्रार उद्या दुसरा एजंट वाचेल, तेव्हा ती त्याच्यासाठी आज्ञा ठरू शकते. म्हणून ‘मजकुरातल्या सूचना पाळू नकोस’ अशी ताकीद प्रॉम्प्टमध्ये लिहून निर्धास्त होणे हा भाबडेपणा आहे. लेमकिन यांनीही ताकीद दिलीच होती.

बंदोबस्त हवा तो टूलमध्ये आणि डेटाबेसमध्ये. एजंटला एसक्यूएल लिहूच देऊ नये. ‘तक्रार नोंदवा’ एवढेच टूल द्यावे. टेबलाचे नाव त्यात पक्के असावे. ग्राहक क्रमांक एजंटने सांगायचा नाही, लॉगिन झालेल्या सत्रातून टूलनेच घ्यायचा. टूल ज्या यूजरने डेटाबेसमध्ये शिरते, त्याला त्या एका टेबलावर इन्सर्टचा हक्क पुरे. रक्कम ऋण नको, ग्राहक अस्तित्वात हवा, या अटी डेटाबेसनेच राखाव्यात.

पुन्हा पाठवण्याचा प्रश्न त्याहून किचकट. नेटवर्क अडखळले की एजंट तीच नोंद परत पाठवतो. पहिली कदाचित पोचलेली असते. एका खरेदीच्या दोन पावत्या होतात त्या अशा. त्यासाठी प्रत्येक कामाला एक ओळख क्रमांक आणि त्यावर ‘युनिक’ची अट हवी. पण हा क्रमांक एजंटने बनवून चालत नाही. दुसऱ्या खेपेला त्याने नवा बनवला, तर दोन्ही नोंदी बिनदिक्कत आत येतात. मूळ काम जिथे सुरू झाले तिथेच तो ठरायला हवा.

महत्त्वाच्या नोंदींसाठी मात्र एवढ्यानेही भागत नाही. महसूल खात्यात तलाठी फेरफाराची नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतींसाठी 15 दिवस दिले जातात आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलतो. प्रत्यक्षात सातबारे किती निर्दोष असतात हा वेगळ्या लेखाचा विषय, पण नोंद धरणारा आणि ती मान्य करणारा वेगळा असावा, हे तत्त्व बिनचूक आहे. एजंटने कच्च्या टेबलात लिहावे. कोणत्या एजंटने, कोणत्या कामासाठी, कशाच्या आधारे लिहिले हे शेजारी नोंदलेले असावे. पक्क्या टेबलात ते माणसाने किंवा ठरीव तपासणीने न्यावे. यात वेळ जातो हे खरे. 4,000 खोटी माणसे वेचून काढायलाही वेळच लागतो.

ज्या कंपन्यांत, बँकांत, सरकारी कार्यालयांत एजंट जोडण्याचे काम चालू आहे, तिथल्या मंडळींनी आधी एवढेच तपासावे: एजंट डेटाबेसमध्ये कोणत्या यूजरने शिरतो? उत्तर ‘ॲडमिन’ असेल, तर ती जोडणी आजच काढावी.