मागास म्हणून धूर माफ?

डिझेल इंजिनाबद्दल आपल्याकडे एक पक्की समजूत आहे : गाडी काळा धूर सोडते, म्हणजे ती चांगली ओढते. मिस्त्रीकडे ट्रॅक्टर नेला की मालक सांगतो, ‘पंप थोडा वाढवून दे.’ पंप वाढतो, चढावर धुराचा लोट निघतो आणि मालकाची छाती फुगते. हा काळा धूर म्हणजे असते काय? अर्धवट जळलेले डिझेल. पैसे मोजून विकत घेतलेले, इंजिनाच्या पूर्ण कामी न आलेले आणि नळीवाटे रस्त्यावर फेकलेले. पंप वाढवल्याने ताकद थोडी वाढते, हे खरे. पण धूर दाखवतो ती ताकद नव्हे, नासाडी. बंपरला लिंबू-मिरची बांधणाऱ्याला आपण अंधश्रद्ध म्हणतो आणि धूर पाहून इंजिनाची ताकद सांगणाऱ्याला अनुभवी म्हणतो. लिंबू-मिरचीने निदान कुणाचा दमा वाढत नाही.

ही चर्चा गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीत व्हायला हवी. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, अहेरी आणि आष्टीकडचे रस्ते या गावाजवळ एकमेकांना मिळतात. पूर्वी या रस्त्यांवर सागवानाचे लाकूड वाहणारे ट्रक दिसत. सुरजागडच्या लोहखनिजाचे उत्खनन २०२१ पासून जोरात सुरू झाले, २०२३ मध्ये त्याची मंजूर मर्यादा वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर गेली आणि रस्त्यावर हायवा आणि ट्रेलरच्या रांगा लागल्या. खड्डे, धूळ आणि अपघात यांवरून इथे आंदोलने झाली, चक्काजाम झाले. धूळ डोळ्यांत जाते, म्हणून तिच्यावर बोलले जाते. नळीतून निघणाऱ्या वायूबद्दल मात्र क्वचितच कुणी बोलते. बोलतात ते चालक आणि मालक. आणि त्यांची मागणी उलटी असते : ‘हे युरियाचे झंझट एकदाचे काढा.’

झंझट काय आहे ते आधी पाहू. १ एप्रिल २०२० पासून देशभर ‘भारत स्टेज सहा’ लागू झाले. आपण चारवरून पाच वगळून थेट सहावर आलो. डिझेलमधले गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणले गेले. जड वाहनांच्या इंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा दर किलोवॅट-तासामागे ३.५ ग्रॅम होती. ती साधारण ०.४ ग्रॅमवर आली. एवढी घट निव्वळ इंजिन सुधारून साधणे अवघड. म्हणून धूर जाण्याच्या वाटेवर युरियाचे द्रावण फवारतात. डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची छोटी टाकी असते, तीत हे द्रावण भरतात : ३२.५ टक्के शुद्ध युरिया, बाकी क्षारविरहित पाणी. उष्णतेने त्यातून अमोनिया सुटतो आणि उत्प्रेरकाच्या मदतीने विषारी वायूचे रूपांतर नायट्रोजन आणि वाफेत होते.

चालकाने हे द्रावण भरलेच नाही तर? त्यासाठी नियमाने इंजिनालाच पहारेकरी बनवले आहे. युरोपच्या नियमांवर बेतलेली ही रचना आहे. टाकीत दहाएक टक्के द्रावण उरले की दिवा लागतो. जवळजवळ संपले की इंजिनाची ओढ पाव हिश्श्याने कमी होते. तरीही दुर्लक्ष केले तर गाडी थांबवून पुन्हा सुरू केल्यावर ताशी २० किलोमीटरच्या पुढे जात नाही. म्हणजे ‘सरकारने इंजिनाची ताकद काढून घेतली’ ही तक्रार अर्धी खोटी आहे. टाकी भरलेली आणि यंत्रणा धड असेल तर एक अश्वशक्तीही कमी होत नाही. सफाई बंद पडली तरच ताकद कमी होते.

तक्रारीचा उरलेला अर्धा भाग मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. टाकी भरलेली असते, पण सेन्सर बिघडतो. फवाऱ्याच्या तोंडाशी युरियाचे पांढरे खडे धरतात, खड्ड्यांतून धावताना एखादी तार सुटते आणि गाडी आपणहून गुन्हा कबूल करून बसते. एटापल्ली-आलापल्लीच्या जंगलरस्त्यावर रात्री अशी गाडी रांगू लागली तर चालकाने काय करावे? चंद्रपूरला जायचे तर शंभराहून अधिक किलोमीटर. खेपेवर पैसे मिळणाऱ्या माणसाची त्या दिवसाची कमाई बुडाली. न केलेल्या अपराधाची शिक्षा यंत्राने माणसाला द्यावी, हे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही.

अमेरिकेत नेमक्या याच तक्रारीवर १२ ऑगस्ट २०२५ रोजी तिथल्या पर्यावरण खात्याचे प्रमुख ली झेल्डिन यांनी आयोवाच्या जत्रेत नवे मार्गदर्शन जाहीर केले. तिथे बिघाड झाल्यावर काही तासांत ट्रक ताशी पाच मैलांवर येऊ शकत असे. आता आधी सुमारे ६५० मैल नुसता इशारा, मग ओढीत थोडी घट आणि साधारण ४,२०० मैलांनंतर वेगावर मर्यादा. त्या मार्गदर्शनात विषारी वायूची मर्यादा होती तिथेच राहिली. शिक्षा तेवढी लांबवली. आपल्याकडे पोहोचेपर्यंत मात्र अशा बातमीचे ‘अमेरिकेनेसुद्धा युरिया काढून टाकला’ असे होऊन जाते.

यंत्र बिघडले तर मुदत द्या, ही मागणी रास्त आहे. आपल्या खराब रस्त्यांचा आणि दूरदूरच्या कार्यशाळांचा विचार करता ती अमेरिकेपेक्षा इथे अधिक रास्त आहे. टाकी मुद्दाम रिकामी ठेवणाऱ्याला मात्र एका किलोमीटरचीही मुदत कशाला? बिघाड आणि बदमाशी यांत फरक करणारा नियम हवा. दोन्हींना एकच माफी हवी म्हणणारे चालकाचे नाव घेतात आणि मालकाचा खर्च वाचवतात.

कारण प्रत्यक्षात हायवेवर दुसराच धंदा चालतो. ‘युरिया बंद करून देतो’ म्हणणारा मिस्त्री सापडतो. तो संगणक जोडून इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलतो, किंवा सगळे आलबेल आहे असे इंजिनाला खोटे सांगणारी डबी बसवतो. दिवा लागत नाही, ओढ घटत नाही, द्रावणाचा खर्च शून्य. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असा फेरफार बेकायदा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्याला कैदेची तरतूदही केली. पण पकडणार कोण? आपली पीयूसी चाचणी डिझेल गाडीच्या धुराची दाटी मोजते. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाही. तो वायू इतक्या विरळ प्रमाणात डोळ्यांना दिसतही नाही. त्यामुळे युरिया बंद केलेली गाडी पीयूसीत सहज उत्तीर्ण होते. गाडी न आणताच पीयूसीची चिठ्ठी मिळवणाऱ्यांची गोष्ट तर वेगळीच.

फोक्सवॅगनने हेच केले होते, ते २०१५ मध्ये उघड झाले. चाचणीच्या वेळी सभ्य वागणारे आणि रस्त्यावर मोकाट सुटणारे सॉफ्टवेअर तिने जगभरच्या सुमारे एक कोटी दहा लाख मोटारींत घातले. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने तपासणी केली, कंपनीने तीन लाखांहून अधिक मोटारी परत बोलावल्या आणि मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. त्या कारवाईला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. जर्मन कंपनीने केला तो घोटाळा म्हणून आपण संतापलो. गल्लीतला मिस्त्री तेच करतो तेव्हा त्याला जुगाड म्हणून आपण कौतुकाने हसतो.

आता सर्वांत वरचढ समजला जाणारा युक्तिवाद : गडचिरोली मागास आहे, उद्योग नुकताच येतो आहे, दिल्लीचे नियम इथे कशाला? हा युक्तिवाद सहानुभूतीच्या कपड्यांत येतो, म्हणून त्याला कुणी आडवे जात नाही. पण त्याचा अर्थ नीट लावून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग देणारा म्हणून पहिल्या गटात टाकला. त्या निष्कर्षात ‘मागास जिल्हे वगळून’ असे म्हटलेले नाही. दिल्लीच्या मुलाच्या छातीत जे जाऊ नये ते आलापल्लीच्या माडिया मुलीच्या छातीत गेले तर चालेल, असे उघडपणे बोलायची कुणाची छाती नाही. ‘नियम थोडे सैल करा’ एवढेच म्हटले की काम भागते. दिल्लीत दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली गेली, पण तीच गाडी बाहेरच्या राज्यात नेण्यासाठी ना-हरकत दाखला मिळतो. शहराची हवा शुद्ध करायची आणि कचरा लांबच्या जिल्ह्यांकडे लोटायचा, अशी ही सोय आहे. त्यावर पुन्हा सवलतही आपणच मागायची?

‘इथे एवढे जंगल आहे, ते सगळे शोषून घेईल,’ हे दुसरे उत्तर. जंगलाबद्दल आपली भक्ती मोठी आहे. चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान २०२३ मध्ये अयोध्येला वाजतगाजत गेले. आलापल्लीचे वनवैभव हे राज्यातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ आहे, याचाही आपण अभिमान सांगतो. पण ट्रकचा धूर दूरच्या सागापर्यंत पोहोचण्याआधी सायकलवरच्या शाळकरी मुलाच्या नाकात शिरतो, भाजीच्या टोपलीशी बसलेल्या बाईच्या छातीत शिरतो. जंगलाला देव म्हणायचे आणि गटारासारखे वापरायचे, यातला दांभिकपणा कुणाला खुपत कसा नाही?

‘आधी धूळ आवरा, मग धुराचे बोला,’ असे म्हणणाऱ्यांचे बरेचसे खरे आहे. धूळ हा आज इथला मोठा त्रास आहे. पण एका उपद्रवाच्या आडोशाने दुसरा खपवू देण्याचे कारण नाही. रस्त्यावर पाणी मारून धूळ बसते, वायू बसत नाही. हेडरी ते कोनसरी ही खनिज वाहून नेणारी ८५ किलोमीटरची पाइपलाइन जुलै २०२५ मध्ये सुरू झाली, खनिजाची मोठी वाहतूक रस्त्यावरून हटेल, हेही खरे. हटावीच. बाकीची वाहने रस्त्यावर राहतीलच.

आणि ट्रॅक्टरही राहतील. शेतकऱ्याच्या नावावर मिळणाऱ्या सवलतीचा इतिहास पाहण्यासारखा आहे. ट्रॅक्टरचे धुराचे नियम ट्रकपेक्षा वेगळे असतात. त्यातला ‘ट्रेम चार’ हा टप्पा पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना ऑक्टोबर २०२० मध्ये लागू व्हायचा होता, तो पुढे ढकलत ढकलत जानेवारी २०२३ मध्ये लागू झाला. पुढचा टप्पा एप्रिल २०२४ चा होता, तो एप्रिल २०२६ वर नेला. देशात विकले जाणारे बहुतेक ट्रॅक्टर पन्नासच्या आतले असल्याने चौथ्या टप्प्याचा त्यांना स्पर्शच झाला नाही. किंमत वाढली तर लहान शेतकरी मरेल, हे कारण. कारण खोटे नाही. धानाची शेती करणाऱ्याला लाखभराची वाढ परवडणार नाही. मग वाढीचा भार सरकारने अनुदानातून उचलावा. त्याऐवजी शेतकऱ्याला स्वस्तात धूर मिळतो : दिवसभर चिखलणी करताना तो धुराच्या नळीमागे तीन-चार हातांवर बसलेला असतो. सवलतीचा पहिला बळी तोच. शिवाय शेतीच्या नावाने नोंदलेला ट्रॅक्टर वर्षाचे किती दिवस रेती आणि विटा ओढतो, हे आलापल्लीत कुणाला सांगायला नको.

युरियाचीच गोष्ट घ्या. रोवणीनंतर कृषी केंद्रापुढे रांग लागते. ४५ किलोचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण उरलेली किंमत देशाच्या तिजोरीतून जाते. काही शहाणे तेच पोते पाण्यात विरघळवून गाडीत ओततात. २०१५ पासून शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. त्या तेलाने आणि साध्या पाण्यातल्या क्षारांनी महागडा उत्प्रेरक खराब होतो. मग गाडी बंद पडते आणि शिव्या खातो नियम. धानाचे खत गेले, यंत्र गेले, सफाईही झाली नाही. तरीही हा मनुष्य स्वतःला व्यवहारी म्हणवतो.

नियम न सैलावता चालकाची अडचण दूर करता येते का? येते, आणि त्यासाठी कुठला चमत्कार लागत नाही. खनिजबाधित भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे आणि प्रदूषण नियंत्रण त्याच्या अग्रक्रमाच्या कामांत मोडते. त्यातून आलापल्लीत सेन्सर तपासणारी आणि दुरुस्त करणारी कार्यशाळा उभी राहू शकते. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मोजणारे उपकरण घेता येते. शुद्ध द्रावण पंपावर वाजवी भावात मिळायला हवे. बिघाडाची खरी नोंद असलेल्या गाडीला कार्यशाळेपर्यंत पोहोचण्याची मुदत हवी. आणि फेरफार सापडला तर दंड चालकाच्या माथी न मारता गाडीमालकाकडून आणि काम देणाऱ्या ठेकेदाराकडून वसूल व्हायला हवा, कारण डबी बसवण्याचा हुकूम खेपेवर राबणारा माणूस देत नसतो.

उपकरण येईपर्यंत एक तपासणी आजच करता येईल. तिला ना प्रयोगशाळा लागते, ना तज्ज्ञ. युरियाच्या यंत्रणेवर चालणारी जड गाडी शंभर लिटर डिझेलमागे साधारण पाचएक लिटर द्रावण खाते. वाहतुकीचे काम घेणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराकडे डिझेलची बिले असतातच, नाहीतर त्याचा हिशेब जुळत नाही. ग्रामसभेने ठराव करून परिवहन कार्यालयाला एवढेच विचारावे : अशा गाड्यांची गेल्या सहा महिन्यांची डिझेलची बिले आणि युरियाची बिले शेजारी ठेवून दाखवा.