साक्षी आणि स्वामी

अमेरिकेत बास्केटबॉलच्या चाहत्यांसाठी ज्या असंख्य संग्राह्य वस्तू विकल्या जातात, त्यांतील एक प्रकार विचार करायला लावणारा आहे. तो म्हणजे बंदिस्त क्रीडागृहाचे चौफेर छायाचित्र. उंचीच्या जवळजवळ तिप्पट लांबी, वर काच, भोवती चौकट. मध्यभागी झगमगत्या दिव्यांखालचे लाकडी मैदान आणि त्याच्या भोवती छताला भिडत गेलेली माणसांची दाटी. हे चित्र दिवाणखान्यात किंवा कचेरीत टांगले जाते, जपले जाते, पुढच्या पिढीला दिले जाते. खेळाडूची स्वाक्षरी असलेला चेंडू जपण्यामागची भावना समजण्यासारखी आहे. त्या चेंडूला एका विशिष्ट हाताचा स्पर्श झालेला असतो. येथे मात्र खेळाडू असलेच तर मुंगीएवढे असतात. विजयाचा निर्णायक क्षण बहुधा नसतोच. असते ती जागा आणि असते ती गर्दी. तेव्हा प्रश्न असा उपस्थित होतो की, जेथे श्रम दुसऱ्यांनी केले आणि आपण केवळ पाहिले, त्या जागेला आपल्या भिंतीवर आणून आपण नेमके काय आपलेसे करतो? आणि तसे करण्याचा आपला अधिकार कोणता?

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. पण पाहणे आणि मालकी यांच्या संबंधाचा हा प्रश्न आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाला तो परका नाही. त्याचा विचार करण्यापूर्वी या चौफेर दृष्टीचे स्वरूप समजून घेणे इष्ट ठरेल. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने 1787 मध्ये अशा वर्तुळाकार चित्राचे एकस्व मिळविले आणि 1793 मध्ये लंडनच्या लेस्टर चौकात त्यासाठी खास गोलघर उभारले. पैसे मोजून आत जावे, मधल्या मंचावर उभे राहावे आणि सभोवार पाहावे, अशी ती योजना होती. ‘पॅनोरमा’ हा शब्दही त्याच काळात घडविला गेला. ‘सर्व’ आणि ‘दृश्य’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांतून. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी फिरता कॅमेरा आला. कॅमेरा स्वतःभोवती सावकाश वळे आणि आतील फिल्म त्याच लयीत सरकत जाई. शाळेच्या समूहचित्रात एका टोकाला उभा असलेला खोडकर मुलगा कॅमेरा वळेपर्यंत मागून धावत जाऊन दुसऱ्या टोकाला उभा राही आणि एकाच चित्रात दोनदा दिसे, ही त्या काळातील प्रसिद्ध गंमत. आज अनेक तुकडे संगणकावर जोडून असे चित्र सिद्ध होते. त्यात मैदानाच्या सरळ रेषा कित्येकदा धनुष्यासारख्या वाकलेल्या दिसतात.

या तांत्रिक तपशिलाचे मर्म असे की, अशा चित्रातील समग्रता कोणाच्याही अनुभवातली नसते. ज्या जागेवरून ते टिपले, तेथे बसलेल्या माणसालाही मान वळवल्याखेरीज ते सारे दिसणार नाही. आणि मान वळवेपर्यंत क्षण उलटलेला असेल. प्रत्यक्ष प्रेक्षकाच्या वाट्याला एक आसन येते आणि त्या आसनाबरोबर येणारी मर्यादा येते. बॉस्टन गार्डन या जुन्या क्रीडागृहात कित्येक आसनांपुढे खांब आडवे येत. तरीही, किंबहुना म्हणूनच, त्या जागेवर लोकांचा जीव होता. 1928 मध्ये उघडलेले ते गृह 1995 मध्ये बंद झाले आणि 1998 मध्ये पाडले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लाकूडटंचाईत लहानलहान तुकडे जोडून बनविलेली तेथील नक्षीदार जमीन पुढे तुकड्यातुकड्यांनी चाहत्यांना विकली गेली. शिकागोचे 1929 मधले जुने क्रीडागृह 1995 मध्ये जमीनदोस्त झाले. वास्तूच नाहीशी झाल्यावर तिचे चित्र जपणाऱ्याला हसणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. तो चाहता चित्रापुढे उभा राहून बोटाने एक ठिपका दाखवितो आणि म्हणतो, ‘येथे आम्ही बसलो होतो.’ त्या ‘आम्ही’त कदाचित आज हयात नसलेले वडील असतात. हजारो अनोळखी माणसांबरोबर एकाच वेळी श्वास रोखून धरल्याची ती आठवण असते. पंढरपूरहून परतणारा यात्रेकरू विठ्ठलाची तसबीर आणतो, तेव्हा त्यानेही ती दुकानातून विकतच घेतलेली असते. म्हणून खरेदीविक्री झाली एवढ्यावरून भावना खोटी ठरत नाही.

तथापि एक भेद नजरेआड करता येत नाही. तसबिरीपुढे माणूस हात जोडतो. ती त्याला त्याचे स्थान दाखविते. चौफेर चित्र मात्र पाहणाऱ्याला असे स्थान देते, जे तेथे प्रत्यक्ष कोणालाच नव्हते. ज्याने एका कोपऱ्यातून, खांबाआडून, मान वेळावून पाहिले, तो आता सर्वद्रष्टा होतो. साक्षीचा स्वामी होतो तो येथे.

महाभारतात या दोन वृत्तींची जोडी फार सूक्ष्मपणे रंगविलेली आहे. भीष्मपर्वाच्या आरंभी व्यास धृतराष्ट्राला युद्ध पाहण्यासाठी दृष्टी देऊ करतात. आप्तांचा संहार पाहण्याची इच्छा नाही म्हणून तो ती नाकारतो. ऐकायचे मात्र त्याला सारे असते. मग दिव्यदृष्टी संजयाला मिळते. रणांगणाचा प्रत्येक कोपरा त्याला दिसतो. चौफेर दर्शन म्हणावे तर ते हेच. परंतु संजय त्या दर्शनाचा मालक होत नाही. त्याला जे दिसते ते सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. उलट धृतराष्ट्राच्या गीतेतील पहिल्याच प्रश्नात ‘माझे’ आणि ‘पांडूचे’ अशी वाटणी आहे. अभिनवगुप्तांनी रसास्वादातील विघ्ने सांगताना स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाण्याचा समावेश त्यांत केला आहे. धृतराष्ट्र हा त्या विघ्नाचा मूर्तिमंत नमुना होय. तो घरी बसून सर्व काही प्राप्त करतो आणि त्याच्यात काहीही बदलत नाही. आणि ज्या अर्जुनाला विश्वरूप खरोखरच एकसमयावच्छेदेकरून दिसले, त्याने काय केले? तो भयाने कापला आणि पुन्हा ओळखीचे, मानवी रूप दाखविण्याची विनंती करू लागला. समग्र दर्शन पेलणे ही सोपी गोष्ट नाही, हे त्या कवीला ठाऊक होते. काचेआडचे समग्र दर्शन पेलावे लागत नाही, हीच त्यातली सोय आणि हीच त्यातली उणीव.

महाभारताचा उल्लेख आला की छत्तीसगडात भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंची आठवण होणे अपरिहार्य आहे. भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी केलेल्या आणि 2019 मध्ये पद्मविभूषण मिळालेल्या या गायिकेने हाती केवळ एक तंबुरा घेऊन कुरुक्षेत्र उभे केले. तोच तंबुरा कधी भीमाची गदा होई, कधी अर्जुनाचे धनुष्य. तेथे ना चौकट, ना काच. सांगणारी व्यक्ती स्वतःला पणाला लावते, तेव्हाच ऐकणाऱ्यापुढे रणांगण उभे राहते. संजयाचा वारसा असा जिवंत राहतो.

त्याच भिलाईत आपल्या प्रश्नाचे दुसरे टोक सापडते. या पोलादनगरीचा जन्म 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून झाला. तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. मराठी माणसाला हा मुलूख कधीच परका नव्हता. 1959 च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशभरातून आलेल्या माणसांसाठी क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर वसले, शाळा आल्या, मैदाने आली. अशा गावात सेक्टर 1 मधील पंत स्टेडियमच्या परिसरात प्रशिक्षक राजेश पटेल यांनी मुलींना बास्केटबॉल शिकविला. अंजू लाकडा, सीमा सिंह यांच्यासारख्या खेळाडू छत्तीसगडातून भारताच्या संघापर्यंत गेल्या. राष्ट्रीय स्पर्धांत छत्तीसगडच्या मुलींचा दबदबा निर्माण झाला. साध्या घरांतल्या मुलींना या खेळाने रेल्वेतील नोकरीची वाट दाखविली. म्हणजे चेंडू कड्यातून जातो की नाही, यावर एखाद्या घराची चूल अवलंबून राहू शकत होती. 2018 मध्ये पटेल यांचे निधन झाले.

या मैदानाचे चौफेर छायाचित्र चौकटीत घालून कोणी विकत नाही. तसे ते निघाले तरी त्यात काय दिसेल? अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद मैदान. ते तर जगात जवळजवळ सर्वत्र तेवढेच असते. कड्याची उंचीही तीच, तीन मीटरांहून किंचित अधिक. दिसणार नाही ती गर्दी. पहाटे शंभरदा तीच फेक करणाऱ्या मुलीला प्रेक्षक नसतो. येथे चौफेर चित्राचा छुपा निकष उघडा पडतो. ते जागेचे मोल तिच्याकडे लागलेल्या डोळ्यांच्या संख्येने करते. ‘अरीना’ या शब्दाच्या मुळाशी वाळूचा वाचक असा लॅटिन शब्द आहे. रोमन झुंजींचे रक्त शोषून घेण्यासाठी पसरलेली ती वाळू. आपला पैलवानही आखाड्याच्या मातीला नमस्कार करून ती अंगाला लावतो. 1912 मध्ये शाहू महाराजांनी बांधविलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानातही, प्रेक्षकांची उतरंड कितीही भव्य असली तरी, मान त्या मधल्या मातीचा. दोन्ही संस्कृतींत जागेचे नाते झुंजणाऱ्याच्या पायांशी जोडलेले होते. चौफेर चित्रात ते पाहणाऱ्यांच्या आसनांशी जोडले जाते.

यावर असा आक्षेप येईल की, प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे मोजले, चित्राचेही मोजले. मग त्याचे आणखी देणे काय उरले? तिकिटाने आसन मिळते, हे खरे. परंतु त्या आसनावर बसल्यावर माणसाच्या आत जे घडले, दुसऱ्याच्या कौशल्याने आणि धैर्याने तो स्वतःच्या मर्यादेबाहेर जो क्षणभर उचलला गेला, त्याची किंमत तिकिटावर छापलेली नसते. आपल्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण मानले. प्रेक्षकाचेही एक ऋण असते, असे मला वाटते. आणि ते वस्तू विकत घेऊन फिटत नाही, कारण खरेदीत आपण पुन्हा घेतच असतो.

ते फेडण्याचा मार्ग संजयाने दाखविला आहे. गीतेचा पहिला अध्याय उघडावा. तेथे योद्ध्यांची नावे आहेत, एवढेच नव्हे तर त्यांच्या शंखांनाही नावे आहेत: पांचजन्य, देवदत्त, पौंड्र. ज्याला सारे काही दिसत होते, त्याने ढोबळ गर्दी सांगितली नाही. एकेकाचे नाव घेतले. याउलट चौफेर छायाचित्रात हजारो चेहरे असतात आणि नाव बहुधा त्या वास्तूचे, म्हणजे पुष्कळदा तिला नाव देण्यासाठी पैसे मोजणाऱ्या कंपनीचे असते. म्हणून भिलाईच्या मैदानाचे तसेच एक चित्र काढून भिंतीवर लावल्याने ही उणीव भरून निघणार नाही. त्या मैदानावर कोण खेळले, कोणी शिकविले, कोणत्या मुलीचे गुडघे फुटले आणि तरी ती दुसऱ्या दिवशी आली, हे त्याच गावातल्या माणसांना सांगता येते का, हा खरा प्रश्न आहे.

भिलाईत वाढून अमेरिकेत स्थायिक झालेल्या एखाद्या अभियंत्याच्या घरी शिकागोच्या पाडलेल्या क्रीडागृहाचे चित्र असावे, ही कल्पना दूरची नाही. ते चित्र त्याने जरूर जपावे. उद्या त्याच्या मुलीने विचारले की, येथे कोण खेळत असे, तर त्याला नावे सांगता यावीत. आणि तू जेथे लहानाचा मोठा झालास तेथे कोण खेळत असे, असे तिने पुढे विचारले, तर तेव्हाही त्याला गप्प बसावे लागू नये. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी आहे, त्याच्या भिंतीवरचे चित्र ही साक्ष होय. ज्याच्यापाशी ते नाही, त्याच्या भिंतीवर केवळ एक मौल्यवान वस्तू टांगलेली आहे.