भिंतीवरचे रोहित

नवी मुंबईच्या रस्त्यांलगत ज्या भिंतींवर रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे आणि जाळे फेकणारा कोळी चितारलेला दिसतो, त्या भिंती एरवी पानाच्या पिचकाऱ्यांसाठीच राखून ठेवल्या असत्या हे ध्यानी घेता, चित्रकाराचे आणि महानगरपालिकेचे श्रेय नाकारण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. परंतु ज्याचा गौरव जाहीरपणे केला त्याच्याविषयी काही कर्तव्यही आपल्या शिरावर येते की नाही, या प्रश्नाला बगल देणेही उचित नव्हे.

ज्या पंचाण्णव गावांच्या भूमीवर हे नगर वसले, तेथील आगरी-कोळ्यांची भातखाचरे आणि मिठागरे 1970 नंतरच्या भूसंपादनात सरकारजमा झाली, मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला, त्यात जानेवारी 1984 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले, आणि त्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची तजवीज सरकारला करावी लागली. भिंतीवर होडी येते, लुगडे येते, नारळी पौर्णिमेचा सोहळा येतो. हा लढा मात्र मला कोठे आढळला नाही. संस्कृती म्हटली की आपल्याला पोशाख आठवतो, हक्क आठवत नाही!

रोहितांचे दैवही काहीसे असेच. त्यांचा गुलाबी वर्ण मुळी खाडीतील शेवाळासारख्या अन्नातून येतो. आणि ज्या उथळ पाणथळींत भरतीच्या वेळी हे पक्षी आश्रय घेतात, त्यांची पाणी आत येण्याची तोंडे बुजली की तो आश्रय आटतो, अन्न नाहीसे होते. ठाण्याच्या खाडीला 2015 साली अभयारण्याचा आणि 2022 साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला खरा. पण पक्ष्याला अभयारण्याची हद्द ठाऊक नसते, आणि हद्दीबाहेरच्या तळ्यांवर बांधकामाची नजर असते. खाडीकाठी भराव घालावयाचा आणि रस्त्याकडेच्या भिंतीवर पक्षी रंगवावयाचा, ही कलेची सेवा नव्हे. ही तर तिच्याकडून घेतलेली खोटी साक्ष होय.

म्हणून वाचकांना एकच विनंती. पुढच्या खेपेस अशा भिंतीपाशी छायाचित्र काढून झाल्यावर जवळच्या तळ्यापर्यंत चालत जावे, भरतीचे पाणी आत येते की नाही ते पाहावे, आणि येत नसेल तर महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.