आकाशातला शौक, जमिनीवरचा हिशेब

लढाऊ विमान देखणे असते, हे सुरुवातीलाच मान्य केलेले बरे. ते नाकारून या विषयावर लिहायला बसणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होईल. आम्ही तीन-चार शिक्षक मित्र शाळेच्या सुट्ट्या आणि खिसा यांचा मेळ बसेल तसे हवाई दलाच्या कसरती पाहायला जातो. १२ ते १४ जानेवारी २०२४ या तीन दिवसांत मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर असा कार्यक्रम झाला. कठड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बुरखेवाल्या आया, टोपी घातलेली मुले, ऑफिस सोडून आलेले बाबू, भेळवाले, सगळ्यांच्या माना वर होत्या. 'सूर्यकिरण' पथकाची नऊ हॉक विमाने पंखाला पंख लावून आली, तेव्हा गर्दीतून एकच 'वाह' निघाले. त्या 'वाह'ला जात नव्हती, मजहब नव्हता आणि भाषाही नव्हती.

पण घरी परतल्यावर आम्हाला दोन प्रश्न विचारले जातात. मोहल्ल्यातले एक चाचा विचारतात, "मास्टर, ज्या जहाजांनी बगदाद जाळले, गाझा जाळला, ती बघायला तुम्ही भाडे खर्चून जाता?" दुसरा प्रश्न बाहेरचा असतो. तो कधी हसत विचारला जातो, कधी न हसता. "सर, तुम्हाला कशाला हो विमानांची एवढी माहिती?" पहिल्या प्रश्नात आमच्या ईमानावर संशय आहे आणि दुसऱ्यात आमच्या वतनावर. दोन्ही प्रश्न विचारणारे एक गोष्ट गृहीत धरतात, ती ही की पाहणे म्हणजे बाजू घेणे. हे गृहीत खरे आहे का? जे यंत्र माणूस मारण्यासाठी बनवले आहे, त्याच्या सौंदर्यावर खूश होणे नैतिकदृष्ट्या कितपत योग्य? या प्रश्नाचा सरळ विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

थोडा इतिहास पाहू. माणसाची उडण्याची हौस युद्धापेक्षा निराळी आहे. नवव्या शतकात कुर्तुब्याच्या अब्बास इब्न फिरनास याने पंख बांधून उडी घेतल्याची हकिकत आमच्या वर्गातली मुले डोळे विस्फारून ऐकतात. त्याला कुणावर हल्ला करायचा नव्हता, फक्त उडायचे होते. १९०३ मध्ये राइट बंधूंचे विमान उडाले. ऑगस्ट १९०९ मध्ये फ्रान्समधल्या रॅंसजवळ जगातला पहिला मोठा आंतरराष्ट्रीय विमानमेळा भरला आणि लाखो लोक तो पाहायला लोटले. त्यानंतर जेमतेम सव्वादोन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९११ रोजी, जुलिओ गावोत्ती नावाच्या इटालियन वैमानिकाने लिबियात त्रिपोलीजवळ तुर्की आणि अरब तळांवर विमानातून हाताने छोटे बॉम्ब टाकले. विमानातून बॉम्ब टाकण्याची ही पहिली नोंद. बॉम्ब दीड-दोन किलोचे होते. आज एक सुखोई-३० सुमारे आठ टन शस्त्रे वाहून नेते.

मेळा आणि मारा यांच्यात एवढेच अंतर होते. पुढे तर दोन्ही एकाच मैदानात आले. १९२० ते १९३७ या काळात लंडनजवळ हेंडनला ब्रिटिश हवाई दल दरवर्षी मोठा मेळा भरवीत असे. शेवटचा खेळ म्हणून मैदानात खोटा देखावा उभारीत आणि विमाने त्यावर हल्ला करीत. काही वर्षी हा देखावा पूर्वेकडच्या वाळवंटी वस्तीचा किंवा गढीचा असे. प्रेक्षक टाळ्या वाजवीत, मुले खूश होत. त्याच काळात, ऑक्टोबर १९२२ पासून, इराकचा बंदोबस्त ब्रिटिशांनी हवाई दलाकडे सोपवला होता आणि तिथे खऱ्या गावांवर खरे बॉम्ब पडत होते. हेंडनच्या प्रेक्षकाला त्या गावांची नावेही माहीत नसतील. त्याने कुणाला मारले नाही. पण त्याला काय आवडू लागले होते, याचा विचार केला की अंगावर काटा येतो.

म्हणून आम्हाला वाटते की एअर शोमधला आनंद एकजिनसी नसतो. तो तीन प्रकारचा असतो आणि या तिघांची गल्लत झाली की सगळा घोटाळा होतो.

पहिला आनंद हुनराचा. नऊ विमाने एकमेकांपासून पाचेक मीटरवर राहून ताशी कित्येकशे किलोमीटर वेगाने वळतात, तेव्हा आपण पाहतो तो माणसाचा रियाज असतो. कव्वालीत टाळीचा ठेका जसा सगळ्यांचा एकाच क्षणी पडतो, तसे हे आहे. १९९६ मध्ये बिदरला हे पथक उभे राहिले. २०११ मध्ये विमानांअभावी थांबले आणि पुढे काही वर्षांनी हॉक विमानांवर पुन्हा उभे राहिले. यामागे वर्षानुवर्षांची मेहनत आहे. दुसरा आनंद यंत्राचा. एवढे लोखंड हवेत तरंगते कसे, वळताना पंख मोडत का नाहीत, आवाज विमानाच्या मागून का येतो, हे प्रश्न मुलांना पडतात आणि त्यातून विज्ञान शिकवायला आम्हाला सोपे जाते. हे दोन्ही आनंद निर्मळ आहेत. त्यांत कुणाचे रक्त नाही.

तिसरा आनंद दहशतीचा. विमान अचानक पाठीमागून येते, छातीत धडकी भरते, आणि दुसऱ्याच क्षणी आपण हसतो, कारण ते आपले आहे आणि आपल्याला काही करणार नाही. मग मनात येते, 'आता त्यांना कळेल.' हे 'त्यांना' म्हणजे कोण, ते दरवेळी बदलते. हा आनंद तपासून घेण्यासारखा आहे. तो फक्त आपल्याकडेच आहे असे नाही, जगातल्या प्रत्येक देशाच्या प्रेक्षकात आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेंगळुरूजवळच्या येलहंका तळावर 'एरो इंडिया' भरले, तेव्हा अमेरिकेचे एफ-३५ आणि रशियाचे सुखोई-५७ एकाच प्रदर्शनात होते. एफ-३५ जातीची विमाने इस्रायलने गाझाच्या युद्धात वापरली होती. रशियाने युक्रेनवर चढाई केली, त्याला तेव्हा तीन वर्षे होत आली होती. प्रदर्शनातल्या माहितीफलकावर विमानाचा वेग असतो, वजन असते, पल्ला असतो. ते कुठे कुठे जाऊन काय करून आले, हा रकाना नसतो. तो रकाना आपण आपल्या मनात भरायचा असतो.

इथे एअर शोच्याच एका नियमाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ६ सप्टेंबर १९५२ रोजी इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे एक विमान हवेतच तुटले आणि त्याचे तुकडे गर्दीत पडले. २९ प्रेक्षक आणि विमानातले दोघे ठार झाले. त्यानंतर तिथले नियम कडक झाले. २८ ऑगस्ट १९८८ रोजी जर्मनीत रामस्टाइनला इटालियन पथकाची तीन विमाने एकमेकांवर आदळली आणि ७० माणसे गेली. २७ जुलै २००२ रोजी युक्रेनमध्ये ल्विव्हजवळ एक सुखोई-२७ थेट गर्दीत घुसले आणि ७७ जण गेले. त्यात २८ मुले होती. या रक्ताच्या किमतीवर जगभर हे सूत्र पक्के होत गेले की विमानाने प्रेक्षकांपासून ठरलेले अंतर राखायचे, गर्दीच्या रोखाने कसरत करायची नाही आणि गर्दीच्या डोक्यावर करामत दाखवायची नाही.

नियम उत्तम आहे. पण त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. खाली जी माणसे उभी आहेत, त्यांचा या विमानाशी काही झगडा नाही आणि त्यांना पळायला जागा नाही, म्हणून त्यांच्या डोक्यावर धोका आणायचा नाही, हे या नियमाचे मर्म आहे. आता सांगा, हे वर्णन फक्त तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकालाच लागू पडते का? गावात, छावणीत, इस्पितळात अडकलेल्या माणसाला ते जास्तच लागू पडते. १९२३ मध्ये हेग येथे हवाई युद्धाच्या नियमांचा मसुदा तयार झाला, पण राष्ट्रांनी तो कधी अंमलात आणला नाही. मग १९३७ मध्ये गेर्निका झाले, आणि पुढच्या महायुद्धात शहरेच्या शहरे जळाली. नागरी वस्तीवर सरसकट हल्ल्याची मनाई कागदावर स्पष्ट लिहिली जायला १९७७ साल उजाडले, जिनिव्हा करारांना जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलमध्ये. कागद आणि आकाश यांच्यात आजही किती अंतर आहे, ते आपण रोज बातम्यांत पाहतो.

चाचांना आम्ही हेच सांगतो. एअर शोला गेलो म्हणून आम्ही बगदाद विसरलो असे होत नाही. उलट, विमान डोक्यावरून गेल्यावर छातीत जी धडधड होते, तीच आम्हाला तिथल्या मुलाची आठवण देते. इथले मूल त्या आवाजाला टाळ्या वाजवते, तिथले मूल आईच्या कुशीत शिरते. आवाज तोच असतो. ज्याने तो आवाज स्वतः कानांनी ऐकला आहे, त्याला 'हवाई हल्ला' हा वर्तमानपत्रातला शब्द पूर्वीसारखा वाचता येत नाही. न पाहणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याची जबाबदारी मोठी, कारण त्याला आता माहीत आहे. इल्म आले की जबाबदारी येते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला लहानपणीच शिकवले आहे.

या हिशेबात वैमानिकालाही धरले पाहिजे. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी एरो इंडियाच्या सरावात सूर्यकिरणची दोन विमाने आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईच्या एअर शोमध्ये तेजस विमान कोसळून विंग कमांडर नमांश स्याल गेले. आपण 'अजून खाली, अजून जवळ' असे मनात म्हणतो, तेव्हा त्या मागणीची किंमत दुसरा कुणी मोजत असतो. आणि ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर विमाने सुखरूप परतली, पण ऊन आणि प्रचंड गर्दी यांत पाच प्रेक्षक दगावले. सगळ्यांचे लक्ष वर असले की जमिनीवरच्या माणसाला पाणी द्यायचे राहून जाते. युद्धात काय होते आणि उत्सवात काय होते, यातले हे साम्य विसरण्यासारखे नाही.

राहिला दुसरा प्रश्न, 'तुम्हाला कशाला हो?' त्याला चिडून उत्तर देण्याचे कारण नाही. एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ १९७८ ते १९८१ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते आणि नंतर आपल्याच महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना तरुणपणी वैमानिक व्हायचे होते. जागा आठ होत्या आणि त्यांचा क्रमांक नववा आला. पुढे राष्ट्रपती असताना, ८ जून २००६ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुण्याच्या लोहगाव तळावरून ते सुखोईत बसून उडाले. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात मिग बनले, सुखोई बनले. त्यावर किती घरांच्या चुली पेटल्या. हे आकाश कुणी आम्हाला दान दिलेले नाही, ते आमचेही आहे. आणि जे आपले असते, त्याबद्दल अभिमानासोबत प्रश्न विचारण्याचा हक्कही आपलाच असतो. परक्या आकाशाला कुणी जाब विचारत नाही.

मग शिक्षक म्हणून करावे काय? मुलांना घेऊन जावे. न नेल्याने त्यांची हौस मरत नाही, ती मोबाईलवरच्या खेळात जाते आणि तिथे खालचा माणूस फक्त एक ठिपका असतो. नेताना मात्र पूर्ण धडा शिकवावा. उर्दूत आपण 'जंगी तय्यारा' म्हणतो. यातला 'तय्यारा' शिकवताना 'जंगी' हा शब्द गाळू नये. विमानाचा वेग वहीत लिहायला सांगावा, आणि त्याच पानावर ते विमान कोणत्या लढाईत वापरले गेले, तिथे खाली कोण राहत होते, हेही लिहायला सांगावे. हे आपल्या देशाच्या विमानालाही लागू करावे आणि दुसऱ्याच्या विमानालाही, नाहीतर तो धडा न राहता प्रचार होईल. विमान डोक्यावरून गेल्यावर मुलांना एवढेच विचारावे, 'आपण आत्ता आत बसलेलो नाही, खाली उभे आहोत. खाली उभ्या माणसाला काय वाटले, ते चार ओळींत लिहा.' टाळ्या वाजवायला मनाई करू नये. हुनर पाहून टाळी वाजली तर वाजू द्यावी. फक्त ती कशासाठी वाजली, हे ज्याच्या त्याला सांगता आले पाहिजे.