एक रिमोट, अनेक माणसे

अमेरिकेतल्या कोणत्याही मराठी घराच्या फॅमिली रूममध्ये जा, सोफ्यासमोरच्या टेबलावर एक टोपली हमखास दिसते. ती विकत घेताना तिच्यात फळे ठेवायचा बेत असतो. वर्षभरात तिच्यात रिमोट जमा होतात. एक टीव्हीचा, एक केबलच्या बॉक्सचा, एक साउंडबारचा, एक डीव्हीडी प्लेअरचा, एक भारतीय वाहिन्यांसाठी घेतलेल्या छोट्या डबीचा. शिवाय एक असा, की तो कशाचा आहे हे कोणालाच सांगता येत नाही. पण "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून तोही मुक्कामाला असतो. मग एके दिवशी घरातल्या तंत्रज्ञ मंडळींच्या मनात येते, की ही जत्रा आता पुरे. एकच युनिव्हर्सल रिमोट आणू या. एक बटण दाबले की टीव्ही लागेल, बॉक्स लागेल आणि आवाज साउंडबारमधून येईल.

बेत चांगलाच आहे. पण वाचकहो, या साध्या सोयीच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, असे मला वाटते. घरातल्या सगळ्यांच्या वतीने नियंत्रण एका ठिकाणी गोळा करणारा माणूस त्या सगळ्यांचे काय देणे लागतो?

रिमोटचा इतिहास बहुधा आळसाचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि त्यात तथ्यही आहे. झेनिथ कंपनीने १९५० साली काढलेल्या रिमोटचे नावच मुळी 'लेझी बोन्स' होते. तो टीव्हीला लांब तारेने जोडलेला असे आणि त्या तारेत पाय अडकून माणसे अडखळत. १९५५ साली त्याच कंपनीतल्या यूजीन पॉली यांनी प्रकाशझोताने चालणारा 'फ्लॅश-मॅटिक' बनवला. पण मग खिडकीतून येणारे ऊनही टीव्हीला हुकूम सोडू लागले. १९५६ साली रॉबर्ट अ‍ॅडलर यांचा 'स्पेस कमांड' आला. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्या असत. बटण दाबले की छोटी हातोडी कांडीवर आपटे आणि माणसाला ऐकू न येणारा नाद निघे. त्याला बॅटरीही लागत नसे. पुढे अवरक्त किरणांचे रिमोट आले, घरातली यंत्रे वाढली आणि १९८५ साली फिलिप्सने मॅग्नाव्हॉक्स या नावाखाली अनेक यंत्रांसाठी एकच रिमोट बाजारात आणला. १९८७ साली अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक यांनीही 'कोअर' नावाचा असाच एक रिमोट काढला. इतर रिमोटचे संकेत तो शिकून घेत असे.

महाराष्ट्रात मात्र या शब्दाला वेगळाच अर्थ मिळाला. १९९५ साली युतीचे सरकार आले, तेव्हा सरकारचा रिमोट कंट्रोल आपल्या हाती असल्याचे बाळासाहेब ठाकरे यांनी उघडपणे सांगितले. तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी 'रिमोट' म्हणजे खुर्चीबाहेरून चालणारी सत्ता. त्या राजकारणाची चर्चा इथे नको. पण टीव्हीपुढच्या त्या ठोकळ्यात सत्तेचा अर्थ आपल्या भाषेने अचूक हेरला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता हे यंत्र काम कसे करते ते पाहू, कारण प्रश्नाचे मूळ तिथेच आहे. रिमोटच्या टोकाशी एक इवलासा दिवा असतो. त्याचा प्रकाश बहुधा ९४० नॅनोमीटरच्या आसपासच्या लहरींचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले, तर पुष्कळदा तो लुकलुकताना दिसतो. हा दिवा सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा उघडझाप करतो, आणि त्या उघडझापीचे लांब-आखूड हप्ते म्हणजे टीव्हीला धाडलेला निरोप. निरोप जातो, उत्तर मात्र येत नाही. टीव्हीने ऐकले की नाही, हे या रिमोटला कधीच कळत नाही.

एका यंत्राचा एक रिमोट असतो तेव्हा याने काही अडत नाही, कारण उत्तर आपले डोळेच आणतात. युनिव्हर्सल रिमोट मात्र एका बटणावर तीन-चार यंत्रांना एकामागून एक हुकूम सोडतो. त्यातल्या पुष्कळ यंत्रांना चालू आणि बंद यांसाठी एकच संकेत असतो: बंद असेल तर चालू हो, चालू असेल तर बंद हो. म्हणजे यंत्र आत्ता कोणत्या अवस्थेत आहे, हे आधी ठाऊक हवे. साधे रिमोट सगळी यंत्रे सारख्याच अवस्थेत आहेत असे धरून चालतात. महागडे रिमोट आपण शेवटी काय सांगितले होते ते लक्षात ठेवतात. दोन्हीकडे गृहीत धरणे आलेच. मग कोणी टीव्ही हाताने बंद केला, किंवा बटण दाबताना नातू नेमका मध्ये येऊन उभा राहिला, की गणित चुकते. पुढच्या वेळी त्याच बटणाने टीव्ही लागतो आणि बॉक्स बंद होतो. रिमोट स्वतःच्या समजुतीप्रमाणे अगदी बरोबर असतो. चुकलेले असते ते जग!

माझ्या परिचयातले एक काका मुलाकडे सहा महिने राहायला आले होते. सारी नोकरी वीज मंडळाच्या सबस्टेशनात झालेली. मुलाने हौसेने असा रिमोट बसवला होता. एका दुपारी वरच्यासारखा घोळ झाला आणि काका दुपारभर कोऱ्या पडद्यासमोर बसून राहिले. संध्याकाळी मी सहज डोकावलो होतो. मुलगा कामावरून आला आणि म्हणाला, "बाबा, फोन नाही का करायचा? आणि यात अवघड काय आहे? एकच तर बटण आहे!"

काका शांतपणे म्हणाले, "एकच आहे, तेच अवघड आहे रे. आमच्या कंट्रोल रूममध्ये ब्रेकरच्या प्रत्येक हँडलपाशी दोन दिवे असायचे, लाल आणि हिरवा. हँडल फिरवलं की आधी दिवा बदलला का ते बघायचं, मग वहीत लिहायचं. तुझ्या या यंत्राला दिवाच नाही. मी काय केलं, ते मला कळणार कसं?"

मालिकेचा एक भाग बुडाला, ही काकांची तक्रार नव्हती. आपल्या हातून जे घडले त्याचे पुढे काय झाले, ते कळेनासे झाले होते. ज्या माणसाने पंचवीस-तीस वर्षे आसपासच्या गावांची वीज सांभाळली, त्याला मुलाच्या घरी टीव्हीसाठी संध्याकाळपर्यंत थांबावे लागावे, हे सोयीच्या हिशेबात कुठेच धरलेले नसते.

वैद्यकीय महाविद्यालयात आम्हाला एक सोपी तपासणी शिकवत. तिचे नाव रोम्बर्गची चाचणी. रोग्याला पाय जुळवून उभे करायचे आणि डोळे मिटायला सांगायचे. काही रोगी डोळे मिटताच डोलू लागतात, सावरले नाही तर पडतात. त्यांच्या स्नायूंत ताकद असू शकते. मेंदूची आज्ञाही पायांपर्यंत व्यवस्थित पोचत असते. बिघाड असतो तो परतीच्या वाटेवर. पाय नेमके कुठे आहेत, ही बातमी मेंदूला मिळत नाही. डोळे उघडे असेतो ते कसेबसे भागवून नेतात. शरीराचा सगळा कारभारच असा आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला हुकूम देते खरी. पण रक्तात थायरॉइडचा रस किती झाला ते पाहूनच पुढचा हुकूम कमी-जास्त करते. ज्या नियंत्रणाला परतीची बातमी मिळत नाही, त्याला वैद्यकशास्त्र आजार म्हणते.

कठोपनिषदातले रथाचे रूपक आपल्याला परिचित आहे. इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम, बुद्धी ही सारथी. आपण ते संयमाचा धडा म्हणून ऐकतो, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यातला लगाम विचार करण्याजोगा वाटतो. लगाम दुतर्फा असतो. सारथ्याचा हात घोड्याला कळतो, तसाच घोडा बुजला, दमला, अडला हेही सारथ्याच्या हाताला कळते. अनेक घोड्यांचे लगाम एका हातात असणे वाईट नाही. त्याशिवाय रथ चालणारच नाही. पण त्या हाताला घोड्यांची ओढ जाणवली पाहिजे. लगाम आणि रिमोट यांत फरक आहे तो हाच.

हा फरक टीव्हीपुरता राहत नाही, म्हणून तर लिहावेसे वाटले. माझ्या दवाखान्यात वयस्कर आई-वडिलांना घेऊन मुले येतात. मी आईंना विचारतो, "झोप लागते का?" उत्तर मुलगा देतो. "गुडघा कधीपासून दुखतो?" उत्तर सून देते. सगळी मंडळी प्रेमळ असतात, रजा टाकून आलेली असतात. आई हसून मान हलवत असतात. बाबांच्या गोळ्यांचा सात खणांचा डबा रविवारी मुलगी भरून ठेवते. बाबा रोज एक खण रिकामा करतात. त्यात काय आहे ते त्यांना ठाऊक नसते. मुलगी परगावी असताना काही झाले आणि इमर्जन्सीत कोणी विचारले, "कोणती औषधे चालू आहेत?", तर बाबा काय सांगणार? "सोमवारच्या खणातली"? म्हणून मी डबा भरणाऱ्यांना सांगतो, डबा जरूर भरा, पण औषधांची यादी मराठीत आणि इंग्रजीत लिहून बाबांच्या खिशात ठेवा, आणि एकदा त्यांच्याकडून ती वाचून घ्या. आणि आईंशी बोलायला मी दोन मिनिटे तरी त्यांना एकटे मागतो. पुष्कळदा खरे दुखणे तेव्हा कळते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. कोणी म्हणेल, "डॉक्टर, आमच्या आईला नियंत्रण नकोच आहे. तिला फक्त मालिका बघायची आहे. तिच्या मागे चार रिमोटची कटकट कशाला लावता?" खरे आहे. मलाही पुष्कळ रोगी म्हणतात, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." प्रत्येकाने प्रत्येक बटण स्वतःच दाबले पाहिजे, हा हट्ट हीसुद्धा एक जबरदस्तीच. विश्वासाने दुसऱ्यावर सोपवणे हाही माणसाचा स्वतःचा निर्णय असतो, आणि संसार अशा सोपवण्यावरच चालतो.

पण सोपवणे वेगळे आणि काढून घेतले जाणे वेगळे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. माझ्या मते ओळखण्याची खूण एकच आहे: सोपवलेले परत मागता येते का? परत मागितले तर ते हाती येण्याची वाट शिल्लक आहे का? जी सोय मोडली असता माणूस पूर्वीपेक्षा अधिक असहाय होतो, ती सोय अर्धीच. प्रेमाने केलेली असली तरी अर्धीच.

यंत्र बनवणाऱ्यांनाही हे उमगलेले दिसते. हार्मनी नावाचे युनिव्हर्सल रिमोट इथे बरेच लोकप्रिय होते. लॉजिटेक कंपनीने २०२१ साली त्यांचे उत्पादन थांबवले. त्यांच्या अनेक नमुन्यांवर 'हेल्प' असे एक बटण असे. ते दाबले की रिमोट विचारी, "टीव्ही चालू आहे का?" आपण हो-नाही सांगायचे, मग तो पुढचे विचारी. इतकी यंत्रे हाकणाऱ्याने शेवटी समोरच्या माणसाला विचारायचे! मला तर त्या रिमोटमधला सर्वांत शहाणा भाग तोच वाटतो. आता एचडीएमआयच्या तारेतून यंत्रे एकमेकांची अवस्थाही विचारू शकतात, आणि बऱ्याच घरांत टीव्हीच्या मूळ रिमोटवरच पुष्कळसे भागते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती सोय चालू करावी लागते; प्रत्येक कंपनीने तिला नाव मात्र निराळे दिले आहे.

तेव्हा एकच रिमोट जरूर आणावा. पण जुने रिमोट माळ्यावर टाकू नयेत. सेल घालून, कोणता कशाचा ते मराठीत चिठ्ठी चिकटवून एका खणात ठेवावेत. टीव्हीच्या अंगावरचे बटण कुठे आहे ते आई-बाबांना दाखवावे. आणि शिकवताना आपण करून दाखवण्यापेक्षा त्यांच्या हाती देऊन आपण गप्प बसावे. हे शेवटचे सर्वांत कठीण. डॉक्टरांना तर फारच.

आम्हा पन्नाशी उलटलेल्यांच्या दृष्टीने यात थोडा स्वार्थही आहे. आज आई-बाबांसाठी जे आपण बसवतो आहोत, ते आपली मुले पाहत आहेत. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी टीव्ही, औषधे, बँक, गाडीची किल्ली, सगळे काही आपल्या सोयीसाठी ती एका जागी आणतील, आणि प्रेमानेच आणतील. त्या वेळी त्यांनी बटण दाबण्यापूर्वी आपल्याला विचारावे असे वाटत असेल, तर विचारण्याची ती सवय त्यांना आपल्याच घरात दिसली पाहिजे.